धर्मगुरूंविना दोन शतके

प्रभू येशूने सांगितलेला खडकावरच्या घराचा दृष्टान्त आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पाऊस कोसळला, पूर आला, वादळ झाले, तरी ते घर पडले नाही. परंतु आपल्या रोजच्या जगण्यातला हा खडक कोणता, असे कुणी विचारले तर आपण बहुधा देवळाकडे बोट दाखवतो. देऊळ आहे, धर्मगुरू आहेत, रविवारचे मिस्साबलिदान आहे. तेव्हा श्रद्धेची काळजी नाही, असे आपण मानतो. हे सारे एके दिवशी काढून घेतले गेले तर आपल्या घरात काय उरेल? जपानमधील ख्रिस्ती कुटुंबांना या प्रश्नाचे उत्तर दोन शतकांहून अधिक काळ जगून द्यावे लागले.

त्या इतिहासाशी आपल्या मातीचेही नाते आहे. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा येथे उतरले आणि जपानमध्ये ख्रिस्ती धर्माचे बीज पेरले गेले. पुढे वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया त्या देशात गेले व तेथील भाषा शिकले. मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले आणि १५९३ साली दुभाषी म्हणून पुन्हा जपानला आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकण्यात आले, त्यांत ते एक होते. १८६२ साली ख्रिस्तसभेने या सर्वांना संतपद बहाल केले.

निशिझाका ही केवळ सुरुवात होती. १६१४ साली सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. देवळे पाडली गेली, धर्मगुरूंना देशाबाहेर घालवण्यात आले. जे लपून राहिले त्यांना शोधून मारण्यात आले. १६४४ साली कोनिशी मान्शो यांना वीरमरण आले आणि जपानमध्ये एकही धर्मगुरू उरला नाही. प्रत्येक कुटुंबाची नोंद बौद्ध मंदिरात करणे सक्तीचे झाले. नागासाकी परिसरात दरवर्षी लोकांना 'फुमिए'वर, म्हणजे प्रभू येशूची वा पवित्र मारियेची प्रतिमा असलेल्या पाटीवर, पाय ठेवायला लावीत. जो कचरे तो पकडला जाई.

अशा काळात नागासाकीजवळच्या उराकामी गावातील साध्या शेतकऱ्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी कामे वाटून घेतली. एकाकडे पंचांग सोपवले, दुसऱ्याकडे स्नानसंस्कार आणि तिसऱ्याकडे घरोघरी निरोप पोहोचवणे. यात पंचांगाचे काम सर्वांत नाजूक होते. त्या वेळच्या जपानी व्यवहारात रविवारची सुट्टी नव्हती. रविवार कधी येतो, उपवासकाळ कधी सुरू होतो, नाताळ कोणत्या दिवशी, हे चांद्रमासाच्या हिशेबात बसवून काढावे लागे. ते दिवस निरोप्या घरोघर कळवी. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. तो मूळ लॅटिन शब्द त्यांच्या तोंडी असा रुळला होता. मुले आईवडिलांकडून प्रार्थना ऐकून पाठ करीत. कित्येक शब्दांचा अर्थही मागे पडला, पण प्रार्थना सुटली नाही.

आणि फुमिएचे काय? त्यांतील बहुतेकांनी प्रतिमेवर पाय ठेवला, हे सत्य आपण झाकून ठेवू नये. परंतु घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना करीत. धर्मगुरू भेटणे शक्य नसेल तर अंतःकरणापासून पश्चात्ताप कसा करावा, हे सांगणारी एक पुस्तिका १६०३ साली जपानी भाषेत तयार झाली होती. तिच्या हस्तलिखित नकला पिढ्यान्‌पिढ्या जपल्या गेल्या. निशिझाकाच्या हुतात्म्यांचे धैर्य सर्वांच्या अंगी नव्हते. पडल्यावर देवाकडे परतण्याची वाट मात्र त्यांनी मोकळी ठेवली. आपल्यासारख्या दुबळ्या माणसांना यात मोठा दिलासा आहे.

१८६५ साली नागासाकीत परदेशी लोकांसाठी सव्वीस हुतात्म्यांच्या नावाने देऊळ उभे राहिले. १७ मार्च रोजी उराकामीची काही माणसे तेथे आली. आपले अंतःकरण तुमच्यासारखेच आहे, असे एका स्त्रीने फादर पेतिजाँ यांच्या कानी घातले आणि पवित्र मारियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. मग बोलता बोलता त्यांनी सांगितले, की सध्या दुःखाचा काळ चालू असून आज त्याचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षी राखेचा बुधवार १ मार्चला होता. म्हणजे दोनशे एकवीस वर्षे धर्मगुरू नसताना त्यांचा उपवासकाळ रोमच्या उपवासकाळाशी एका दिवसानेही चुकला नव्हता!

त्यांची परीक्षा मात्र संपली नव्हती. १८६७ साली पुन्हा धरपकड झाली. सुमारे ३,४०० उराकामीकर निरनिराळ्या प्रांतांत हद्दपार झाले आणि सहाशेहून अधिक जण तेथेच वारले. १८७३ साली बंदी उठली. परतलेल्या लोकांनी, ज्या वाड्यात त्यांना फुमिए तुडवायला लावीत, तीच जागा विकत घेऊन तेथे देऊळ बांधले. ९ ऑगस्ट १९४५ च्या अणुबॉम्बने ते जमीनदोस्त झाले. १९५९ साली ते पुन्हा उभे राहिले.

यावरून धर्मगुरूंवाचून भागते, असा अर्थ कोणी काढू नये. उराकामीचे लोक धर्मगुरूंची वाट पाहत होते, म्हणूनच त्या देवळाच्या दारी आले. पण त्यांना वाट पाहण्याचे बळ घरातल्या नेमाने दिले. आज आपली मुले पुण्या-मुंबईत, आखाती देशांत, कॅनडात राहतात. तेथे प्रत्येकाला जवळचे देऊळ आणि मायबोलीतली उपासना लाभतेच असे नाही. संध्याकाळची रोझरी, जेवणापूर्वीची प्रार्थना, उपवासकाळाचे भान आणि झोपण्यापूर्वी केलेला पश्चात्ताप एवढे जरी आपण त्यांच्या हाती दिले, तरी परक्या मुलखातही त्यांच्या पायाखाली खडक असेल. आज आपल्या किती घरांत हा नेम चालू आहे, याचा हिशेब आपण प्रत्येकाने आपल्या उंबरठ्याच्या आत मांडावा.