शिकेकाई, साबण आणि माळव्याचे पाणी

जुन्या मराठी घराण्यांचा इतिहास आपण सनदा, सरंजाम आणि वाडे यांच्या आधारे लिहीत आलो. न्हाणीघर त्यात कधी येत नाही. अठराव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या पाठोपाठ माळव्यात उतरलेल्या कुटुंबांना नवा मुलूख प्रथम जाणवला असेल तो मात्र पाण्यातूनच. कोकणच्या जांभ्यातून झिरपलेले पाणी हलके, तर माळव्याच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे बहुधा जड. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, ही तक्रार चुलीपाशी पहिल्याच आठवड्यात सुरू झाली असावी. केसांची तक्रार त्यामानाने बरीच उशिराची. ती साबणाबरोबर आली, आणि तिचाच मागोवा आम्हांस येथे घ्यावयाचा आहे.

साबणापूर्वी डोईवरून न्हाण्याचे साहित्य म्हणजे शिकेकाई, रिठा, आवळकाठी, नागरमोथा आणि वाळलेली संत्र्याची साल. आदल्या रात्री भिजत घालावयाचे, सकाळी उकळून गाळून घ्यावयाचे. शिकेकाईच्या शेंगेत आणि रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते तेल आणि मळ उचलते, परंतु जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाप्रमाणे संयोग पावून त्याचा साका होत नाही. शिवाय शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्यामुळे केसांवरचे सूक्ष्म खवले मिटलेले राहतात व केस गुळगुळीत लागतात. सोनार दागिने रिठ्याच्या पाण्यात घासतो, रेशमी वस्त्रे आणि लोकरीच्या शाली रिठ्यात धुतात. साबणाचा दाहक क्षार त्यात नसतो, हेच त्याचे मर्म. अभ्यंगाचे खोबरेल मात्र एकट्या शिकेकाईला आवरत नसे. म्हणून अगोदर डाळीचे पीठ चोळण्याची चाल. पीठ तेल शोषून घेते आणि पुढचे काम हलके होते.

या साऱ्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरू नये. ज्या घरांत शिकेकाईच्या वाफा दरवळत, त्याच ब्राह्मणी घरांत केशवपन केलेल्या स्त्रियाही असत, आणि ती शिकेकाई कुटण्याचे, उकळण्याचे काम पुष्कळदा त्यांच्याच वाट्यास येई. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालविण्याचा निर्धार केला. केसांच्या इतिहासात आम्ही या घटनेला कोणत्याही साबणाच्या आगमनाहून मोठी मानतो.

आता साबण. १८८८ साली ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या; १९१६ साली म्हैसूर संस्थानाने स्वतःचा साबण कारखाना काढला. साबणाची वडी स्वस्त, तत्पर, आणि कुटण्या-गाळण्याच्या कष्टांतून सोडविणारी. ती डोक्यापर्यंत पोहोचली यात नवल नाही. परंतु साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा क्षार. जड पाण्यातील कॅल्शियमशी गाठ पडताच त्याचा न विरघळणारा, पांढुरका, चिकट साका बनतो. बादलीच्या कडेला जे वळे दिसते तेच केसांवर बसते. केस निस्तेज होतात, फणी अडते, आणि धुणारी व्यक्ती ‘नीट निघाला नाही’ म्हणून आणखी साबण लावते. त्याने साका वाढतोच. पुढे ‘शिकेकाई साबण’ नावाच्या वड्या निघाल्या. त्यांत शिकेकाई असली तरी वडी ही साबणाचीच, आणि जड पाणी नावाला भुलत नाही.

यावर घरच्या स्त्रियांनी शोधलेला उतारा म्हणजे शेवटच्या तांब्यात लिंबाचा रस, किंवा धुण्यापूर्वी आंबट ताक. आम्लाने साक्यातील कॅल्शियम सुटून पाण्याबरोबर वाहून जाते. रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता काढलेला हा निष्कर्ष पूर्णपणे बरोबर होता. याच्या उलट खाण्याच्या सोड्याने केस धुण्याचा जो प्रघात अलीकडे ऐकू येतो, तो आम्हांस पटत नाही. सोडा अल्कधर्मी, तो खवले उघडतो आणि केस राठ करतो.

‘शांपू’ या शब्दाचा प्रवास तर आपल्याच देशातून निघालेला आहे. हिंदीतील ‘चाँपना’, म्हणजे दाबणे, चेपणे, हे त्याचे मूळ. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद यांनी इंग्लंडातील ब्रायटन येथे स्नानगृह काढून अंगमर्दनाला ‘शांपूइंग’ या नावाने प्रतिष्ठा मिळवून दिली. राजे चौथे जॉर्ज यांच्यापर्यंत त्यांची कीर्ती गेली. म्हणजे शब्द प्रथम अंग चेपण्याचा होता. केस धुण्याचा अर्थ त्यास नंतर चिकटला. साबणाच्या साक्यातून खरी सुटका झाली ती १९३४ साली अमेरिकेत ‘ड्रीन’ हा कृत्रिम अपमार्जकाचा शांपू निघाला तेव्हा. जड पाण्यातही त्याचा साका होत नसे. आपल्याकडे १९८० नंतर लहान पुड्यांतून शांपू खेड्यापाड्यांत पोहोचला, आणि शिकेकाईची पूड अडगळीत गेली.

तथापि साका गेला तरी नवे लेप आले. १९८७ च्या सुमारास अमेरिकेत शांपू व कंडिशनर एकाच बाटलीत देण्याची युक्ती निघाली. तिच्यातील सिलिकोन केसांवर पातळ थर चढवते. तो तुळतुळीत लागतो, पण काही प्रकारचे सिलिकोन, फवारे आणि मेणचट लेप साचत जाऊन केस जड, चपटे होतात. तेव्हा ‘क्लॅरिफायिंग’ शांपू वापरावयाचा: जोरकस अपमार्जकाचा आणि लेप न ठेवणारा. पाण्यातील क्षार बसले असतील तर ‘ईडीटीए’सारखे धातू धरून नेणारे द्रव्य असलेला पाहावा. महिन्यातून एक-दोन वेळा पुरे. त्याहून अधिक केल्यास केस कोरडे पडतात, आणि रंगविलेल्या केसांचा रंग उतरतो. सिलिकोनच्या थरापुढे शिकेकाईचा फार निभाव लागतो असे आम्ही म्हणणार नाही. आजीच्या काळी तो थरच नव्हता.

इंदुरास १९७८ साली नर्मदेचे पाणी आले आणि विहिरींवरचा भार हलका झाला. परंतु नव्या वसाहती पुन्हा नलिकाकूपांवर वाढल्या. सरकारी नोकरीत पाण्याचे अहवाल चाळताना ‘कठीणपणा’ हा रकाना आम्ही नेहमी प्रथम पाहत असू. २०१२ च्या भारतीय मानकानुसार तो लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. केस गळतात म्हणून महागड्या बाटल्या बदलणाऱ्या सुना-नातींनी एकदा घरच्या नलिकाकूपाचे पाणी तपासून घ्यावे. पावसाळ्यात पागोळ्यांचे पाणी डोळ्यांसमोर फुकट वाहून जाते, ते न्हाण्यासाठी साठविता येते.

राहिला प्रश्न प्रमाणांचा. शिकेकाई किती, रिठा किती, नागरमोथा किती, हे प्रत्येक घराचे वेगळे होते आणि बहुतेक ठिकाणी ते तोंडीच राहिले. रिठा अधिक झाला तर केस कोरडे पडतात, म्हणून ही मापे क्षुल्लक नव्हेत. ज्या घरांतील जुन्या वह्यांत किंवा वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात अशी प्रमाणे असतील, त्यांनी गावाचे नाव आणि विहिरीचे पाणी जड की हलके, एवढ्या नोंदीसह ती या पत्रिकेकडे पाठवावीत.