मोहालीचा ‘युनिकॉर्न’ आणि फ्लॉपीवरची अक्षरे

भारतातील शालेय संगणकशिक्षणाच्या इतिहासात चंदीगड परिसराचे एक विस्मृत स्थान आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र शासनाने ‘क्लास’ हा संगणक-साक्षरता प्रकल्प सुमारे अडीचशे शाळांपासून सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा ‘बीबीसी मायक्रो’ निवडला. त्याच यंत्राची ‘युनिकॉर्न’ ही भारतीय आवृत्ती चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतील ‘सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीने काढली.

यंत्राची ३२ किलोबाइट स्मृती वीज जाताच पुसली जाई. विद्यार्थ्याने लिहिलेली आज्ञावली टिकवण्यास कॅसेट किंवा सव्वापाच इंची फ्लॉपी हेच आधार होते. फ्लॉपीच्या एका बाजूवर ४० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १० खंड आणि प्रत्येक खंडात २५६ बाइट, म्हणजे जेमतेम १,०२,४०० बाइट मावत.

ही चकती मिनिटाला ३०० फेरे घेते आणि वाचन करणारे हेड तिला प्रत्यक्ष टेकलेले असते. साहजिकच धूळ व बुरशी हे तिचे मोठे वैरी. बुरशी चढलेली एक फ्लॉपी हेड मळवते आणि ते मळलेले हेड पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. म्हणून जुना ड्राइव्ह वाचेनासा झाला, तर एकामागून एक फ्लॉपी घालून पाहणे घातक ठरते. आधी वीज व चपट्या केबलची जोडणी तपासावी, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसावे, मग बिनमहत्त्वाच्या फ्लॉपीवर चाचणी घ्यावी. पट्ट्यावर चालणाऱ्या ड्राइव्हमध्ये पट्टा सैल होऊन गती ढळते, तेही पाहावे. हेड जागेवरून किंचित सरकलेला ड्राइव्ह स्वतः लिहिलेले वाचतो, पण इतरांचे वाचू शकत नाही. अशा वेळी दोष फ्लॉपीचा नसतो.

७ फेब्रुवारी १९८९ रोजी मोहालीच्या त्या कारखान्यास भीषण आग लागली. त्या हानीची नोंद इतिहासात झाली. शाळांच्या कपाटांतील फ्लॉपींवरचे चुंबकीय लेखन मात्र गाजावाजा न होता नष्ट होत आहे. पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची आज्ञावली, गुणपत्रके, हस्तलिखितांचे मसुदे हेही शाळेचे दप्तरच होय. फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकली की तिच्यावर नवे लेखन होत नाही. एवढी दक्षता घेऊन त्यांच्या प्रती काढून ठेवणे, हे हीरकमहोत्सवी वर्षाला साजेसे काम आहे.