पिवळ्या गाडीमागची गोष्ट

कुंभार पिंपळगावात शाळेची पिवळी गाडी आली की आपण बसायला जागा आहे का तेवढं बघतो. ड्रायव्हरचं लायसन कोण बघतं?

१८ नोव्हेंबर १९९७ला दिल्लीत वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत कोसळली. २८ मुलं गेली. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीसाठी सांगितलं: जड वाहन चालवण्याचा किमान ५ वर्षांचा अनुभव असलेलाच ड्रायव्हर शाळेच्या बसवर हवा. आपल्या महाराष्ट्राचे स्कूल बसचे नियम आले २०११ साली. चौदा वर्षं लागली, बायांनो! त्यांत शाळेची परिवहन समिती आली, तिच्यात पालकांनाही जागा.

मागच्या पालकसभेत आम्ही चौघींनी लायसन मागितलं. ड्रायव्हरदादा आधी हसले, मग खिशातून काढून दिलं. मुदत संपायला दोनच महिने उरले होते.