फ्रीजरमध्ये बर्फ जमतोय, पण खाली थंडावा नाही? डिफ्रॉस्टचा बिघाड असा ओळखा

फ्रीजरमध्ये बर्फ व्यवस्थित जमतो, पण खालच्या कप्प्यात ठेवलेलं दूध दुसऱ्या दिवशी नासतं. अशा वेळी बऱ्याचदा पहिलं उत्तर मिळतं, "गॅस संपला असेल, भरावा लागेल." पण डबल डोअर फ्रिजमध्ये हीच लक्षणं डिफ्रॉस्ट सिस्टीम बंद पडल्यावरही दिसतात. तिथे एखादा छोटा पार्ट बदलून काम होतं, गॅसला हात लावायची गरजच नसते. म्हणून खर्च करण्याआधी घरच्या घरी काय तपासता येतं, ते पाहू.

आधी तुमचा फ्रिज कोणता ते बघा

ही माहिती फ्रॉस्ट फ्री फ्रिजसाठी आहे. सिंगल डोअर डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये फ्रीजरच्या भिंतींवर बर्फ साचणं नॉर्मल असतं. तो बर्फ आपल्यालाच बटण दाबून किंवा फ्रिज बंद करून वितळवावा लागतो.

डिफ्रॉस्ट सिस्टीम काम कशी करते?

फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल बहुतेक वेळा फ्रीजरच्या मागच्या पॅनलआड असते. एक फॅन तिथली थंड हवा फ्रीजरमध्ये आणि खालच्या कप्प्यात ढकलतो. हवेतली वाफ कॉइलवर गोठत राहते. तो बर्फ काढायला चार गोष्टी लागतात:

१. टायमर किंवा कंट्रोल बोर्ड: साधारण ६ ते १२ तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटर चालू करतो. नवीन मॉडेलमध्ये बोर्ड ही वेळ वापरानुसार बदलतो.
२. हीटर: २०-३० मिनिटांत कॉइलवरचा बर्फ वितळवतो.
३. बायमेटल किंवा सेन्सर: कॉइल पुरेशी गरम झाली की हीटर बंद करायला लावतो.
४. थर्मल फ्यूज: हीटर बंदच झाला नाही तर सर्किट कायमचं तोडतो.

वितळलेलं पाणी नळीतून खाली कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये जातं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं.

यातला एक पार्ट जरी गेला तरी कॉइलवर बर्फाचा थर वाढत जातो. हवेची वाट बंद होते आणि पहिला फटका खालच्या कप्प्याला बसतो. फ्रीजर कॉइलच्या जवळ असल्यामुळे आणखी काही दिवस थंड राहतो. म्हणूनच फसगत होते.

लक्षणं

• फ्रीजरच्या मागच्या पॅनलवर बर्फ किंवा दवाचा पांढरा थर.
• कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नाही.
• फॅनची पाती बर्फाला घासल्यासारखा आवाज, किंवा हवेचा आवाजच बंद.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतंय, पण थंडावा ठीक आहे? मग पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता जास्त. तसंच दाराच्या रबरात कागद अडकवून दार बंद करा. कागद सहज निसटत असेल तर तिथून बाहेरची दमट हवा आत जाते आणि सिस्टीम चांगली असूनही बर्फ साचतो.

खरी टेस्ट: पूर्ण 'रीस्टार्ट'

१. प्लग काढा. नुसता थर्मोस्टॅट शून्यावर आणून चालणार नाही.
२. सामान काढून दोन्ही दारं २४ तास उघडी ठेवा. खाली जुने टॉवेल टाका.
३. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. कॉइलला भोक पडलं तर गॅस खरंच जाईल. आजच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए हा ज्वलनशील गॅस असतो, हे लक्षात ठेवा.
४. फ्रिज परत चालू करा. मागच्या पॅनलचा रोज एक फोटो काढा.

आता निकाल वाचा. फ्रिज काही दिवस, साधारण आठवडाभर, मस्त चालला आणि मग तोच त्रास परत आला, तर संशय डिफ्रॉस्टवर. एका दिवसानंतरही थंडावा आलाच नाही, तर गॅस, कॉम्प्रेसर किंवा फॅनकडे बघावं लागेल. पॅनल उघडल्यावर कॉइलची अवस्थाही बोलते: सगळ्या कॉइलवर जाड बर्फ म्हणजे डिफ्रॉस्टचा बिघाड, फक्त एका टोकाला थोडा बर्फ आणि बाकी कॉइल कोरडी म्हणजे गॅस कमी असण्याची शक्यता.

मल्टिमीटरने काय कळतं?

हे काम हाताची सवय असेल तरच करा, आणि प्लग काढूनच.

• हीटर: २३० व्होल्टवर १५० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण ३५० ओहम येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला.
• थर्मल फ्यूज: कंटिन्युटी मिळायलाच हवी.
• बायमेटल: खोलीच्या तापमानाला तो ओपनच दाखवतो. तेवढ्यावरून खराब ठरवू नका. तो गोठणबिंदूच्या बराच खाली थंड झाल्यावर जोडला जायला हवा.
• सेन्सर: रेझिस्टन्स मॉडेलप्रमाणे बदलतो, म्हणून सर्व्हिस शीटशीच ताडून पाहा.

हे सगळं ठीक असेल तर संशय टायमर किंवा बोर्डवर जातो. चालू फ्रिजमध्ये व्होल्टेज मोजायचं काम मात्र टेक्निशियनचंच.

टेक्निशियनला काय सांगाल?

"डिफ्रॉस्ट केल्यावर आठवडाभर चालतो, मग परत बर्फ होतो," हे सांगा आणि फोटो दाखवा. गॅस भरायचा म्हणत असेल तर आधी पॅनल उघडून कॉइल दाखवायला सांगा. थर्मल फ्यूज काढून वायर 'डायरेक्ट' जोडू देऊ नका. पुढे हीटर अडकून चालू राहिला तर त्याला थांबवणारं काही उरत नाही, प्लास्टिक वितळून आग लागू शकते. फ्यूज उडाला असेल तर तो का उडाला, हेही विचारा.

दुरुस्ती होईपर्यंत खालच्या कप्प्यात थर्मामीटर ठेवा. तापमान ४ अंशांच्या आसपास राहत नसेल तर दूध आणि शिजवलेलं अन्न तिथे साठवू नका. घरात कोणाचं इन्सुलिन असेल तर सगळ्यात आधी ते शेजारच्या चांगल्या फ्रिजमध्ये हलवा. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात, आणि ते फ्रीजरमध्ये ठेवून चालत नाही.