फ्लॅटआयर्न : एका इमारतीची मालकी

धोब्याची कोळशाची इस्त्री आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिली असेल. एका बाजूस रुंद आणि दुसऱ्या बाजूस निमुळती होत टोंकाला आलेली अशी तिची आकृति असते. न्यूयॉर्क शहरांत नेमक्या याच आकृतीची एक इमारत १९०२ सालापासून उभी आहे. तिला लोक ‘फ्लॅटआयर्न’, म्हणजे इस्त्री, असें म्हणतात. आज मी सांगणार आहें ती कथा तिच्या उंचीची नव्हे, तिच्या मालकीची आहे.

न्यूयॉर्कचे बहुतेक रस्ते काटकोनांत आंखलेले आहेत. परंतु ब्रॉडवे हा जुना रस्ता त्यांना तिरकस छेदीत जातो. तो पांचव्या ॲव्हेन्यूला तेविसाव्या रस्त्यापाशीं मिळतो, तेथें जमिनीचा एक त्रिकोणी तुकडा उरला. एमॉस एनो नांवाच्या गृहस्थानें १८५७ मध्यें ती जागा घेतली आणि मरेपर्यंत, म्हणजे सुमारें चाळीस वर्षें, हातची सोडली नाहीं. त्याच्या पश्चात् मात्र ती थोडक्याच काळांत हातोहात फिरली, आणि १९०१ मध्यें फुलर बांधकाम कंपनीचा प्रमुख हॅरी ब्लॅक याच्याकडे आली. कंपनीचा संस्थापक जॉर्ज फुलर हा ब्लॅकचा सासरा. तो १९०० सालीं निवर्तला होता. त्याच्या स्मरणार्थ इमारतीस ‘फुलर बिल्डिंग’ हें नांव देण्यांत आलें. लोकांनीं तें कधींच मनावर घेतलें नाहीं.

आराखडा शिकागोच्या डॅनिअल बर्नहॅम याचा होता. सारा भार पोलादी सांगाड्यावर असून दगडी व भाजलेल्या मातीच्या भिंती केवळ आवरणाचें काम करतात. वीस मजले, सुमारें २८५ फूट उंची, आणि टोंकाशीं रुंदी अवघी साडेसहा फूट! शहरांतील सर्वांत उंच इमारत ती कधींच नव्हती. तरीहि वादळांत ती उलथून पडेल, अशीं भाकितें लोक करूं लागले. अभियंत्यांनीं मात्र अपेक्षित वाऱ्याच्या चौपट जोर सोसेल असा सांगाडा योजिला होता. भाकितें वाऱ्यावर गेलीं; इमारत राहिली.

फुलर कंपनीनें ती १९२५ मध्यें विकून टाकली. पुढें मंदीच्या काळांत गहाणाचे पैसे थकले व १९३३ मध्यें एका विमा कंपनीनें ती ताब्यांत घेतली. १९४६ मध्यें ती एका भागीदार-मंडळाकडे गेली, आणि येथेंच पुढील तंट्याचें बीज पडलें. मालकी सामाईक ठेवण्यांत आली. अमका मजला अमक्याचा, अशी वांटणी नाहीं. प्रत्येकाचा हिस्सा अविभक्त, आणि कोणताहि महत्त्वाचा निर्णय सर्वांच्या संमतीनेंच व्हावयाचा. आपल्याकडील वडिलोपार्जित वाड्यांत चार भावांचे हिस्से असावे, आणि कौलें बदलण्यासहि चौघांचा होकार लागावा, तसाच हा प्रकार. घरोघरच्या अनुभवानें आपण त्याचा शेवट ओळखतों.

मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेचीं कार्यालयें येथें दीर्घकाळ होतीं. २०१९ मध्यें ती संस्था निघून गेली व इमारत रिकामी पडली. दुरुस्ती किती करावी, खर्च किती करावा, यावर मालकांचें एकमत होईना. तीन चतुर्थांश हिस्स्याच्या मालकांनीं एक चतुर्थांशाच्या मालकाविरुद्ध २०२१ मध्यें दावा लावला, आणि न्यायालयानें लिलावाचा हुकूम केला. मार्च २०२३ मध्यें १९ कोटी डॉलरची बोली झाली. परंतु बोली लावणाऱ्यानें अनामतीची रक्कमच भरली नाहीं. मे महिन्यांत पुन्हा लिलाव झाला, आणि १६ कोटी १० लाख डॉलरांस ती बहुमतवाल्या जुन्या मालकांच्याच हातीं आली. त्याच वर्षीं आणखी एक बांधकाम-संस्था त्यांना येऊन मिळाली, व या कचेऱ्यांच्या इमारतीचीं निवासस्थानें करण्याचें ठरलें. १९६६ पासून ती संरक्षित वास्तु असल्यामुळें तिच्या बाह्य रूपास धक्का लावतां येत नाहीं, एवढें भाग्य.

वाऱ्याचा जोर किती, याचें गणित १९०२ पूर्वींच झालें होतें. चार मालकांचें एकमत न झाल्यास काय करावें, याची तजवीज मात्र १९४६ मध्यें कोणीं केली नव्हती. सामाईक घर असणाऱ्या कुटुंबांनीं या इस्त्रीच्या आकाराच्या इमारतीपासून एवढा बोध घ्यावा, कीं वांटणीची रीत सलोखा असतांनाच लिहून ठेवावी.