रसद, भार आणि वाटा

युक्रेनवर रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वंकष आक्रमण केले, तेव्हापासून मराठी बातम्यांत पाच शब्द सारखे फिरत आहेत : मदत, कुमक, रसद, भार आणि वाटा. पहिला मुळात अरबी, दुसरा तुर्की, तिसरा फारसी, शेवटचे दोन संस्कृतातून आलेले. मित्रदेशांनी कुणी किती द्यायचे, हा वाद या पाचांभोवतीच चालतो. एकेकाचे कूळ तपासले, तर वादाच्या गाठीही थोड्या सैल होतात असे दिसते.

‘भारा’पासून सुरुवात करू. मूळ धातू ‘भृ’, म्हणजे वाहणे, धारण करणे, पोसणे. त्यातूनच ‘भरणे’ आणि ‘भरणा’. म्हणजे ओझे वाहणे आणि पैसे भरणे ही मराठीत एकाच धातूची लेकरे. हा योगायोग आपल्यापुरता नाही. इ. स. पू. ४७८ मध्ये इराणी साम्राज्याविरुद्ध ग्रीक नगरराज्यांचा डेलॉसचा संघ उभा राहिला, तेव्हा प्रत्येक नगराचा वाटा ठरवण्याचे काम अथेन्सच्या अरिस्टायडीसकडे आले. ग्रीक इतिहासकार थुसिडिडीस पहिल्या आकारणीचा आकडा ४६० टॅलंट असा देतो. या वर्गणीचे ग्रीक नाव ‘फोरोस’. ते ‘फेरेइन’ म्हणजे वाहणे या क्रियापदापासून आलेले, आणि हे क्रियापद आपल्या ‘भृ’चे सख्खे भावंड. दोस्तांनी उचललेल्या भाराला अडीच हजार वर्षांपूर्वीही ‘भार’च म्हणत होते.

फारसीत हाच शब्द ‘बार’ होतो, आणि ‘बार’ म्हटला की मराठी वाचकाला ‘बारगीर’ आठवायलाच हवा. ‘बार-गीर’ म्हणजे ओझे घेणारा. आधी तो भारवाहू घोडा असावा, मग त्यावरचा स्वार. मराठी फौजेत मात्र अर्थ पक्का झाला : सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा तो शिलेदार. (‘सिलाह’ म्हणजे अरबीत शस्त्र.) घोडा कुणाचा, हा प्रश्न इतका कळीचा की त्यावरून शिपायाची जातकुळी ठरे. डेलॉसच्या संघातही हीच विभागणी होती. काही नगरे स्वतःची जहाजे आणत, बाकीची पैसे देत. हळूहळू बहुतेकांनी जहाजांऐवजी पैसा पसंत केला, आरमार अथेन्सचे झाले, आणि इ. स. पू. ४५४ च्या सुमारास संघाचा खजिनाही अथेन्सला गेला. बंगालीत याच बारगिराचा ‘बर्गी’ झाला, आणि अठराव्या शतकातील मराठ्यांच्या स्वाऱ्यांमुळे तिथे त्याचा अर्थ लुटारू असा रुजला. आक्रमण सोसणाऱ्याची भाषा शब्दाला कसे वळण देते, हे मराठी माणसाने इथे नम्रपणे ध्यानात घ्यावे.

आता ‘दोस्त’ आणि ‘मित्र’. दुसऱ्या महायुद्धातल्या आघाडीला मराठीने ‘दोस्त राष्ट्रे’ म्हटले आणि ‘मित्रराष्ट्रे’ही. दोन्ही शब्द समानार्थी वाटतात, पण घराणी वेगळी. ‘दोस्त’चे नाते संस्कृत ‘जुष्’ धातूशी, म्हणजे आवडण्याशी, आहे. ‘मित्र’चा अवेस्तातील जुळा ‘मिथ्र’ मात्र सरळ करार या अर्थाने येतो; वैदिक मित्रही मुळात करारपालनाचाच देव असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. हा भेद युक्रेनला तंतोतंत लागू पडतो. १९४९ च्या नाटो कराराचे पाचवे कलम एका सदस्यावरचा हल्ला सर्वांवरचा मानते, पण युक्रेन सदस्य नाही. म्हणजे त्याला दोस्त पुष्कळ, जुन्या अर्थाने मित्र नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनने आणि मागोमाग इतर देशांनी युक्रेनशी द्विपक्षीय सुरक्षा-करार केले, ते दोस्तीला मैत्रीकडे नेणारे पाऊल म्हणावे.

कौटिल्याच्या राजमंडलात याहून जवळचा शब्द सापडतो. समोर शत्रू असताना पाठीमागून टाच धरणारा तो ‘पार्ष्णिग्राह’, आणि त्याच्याही मागे, आपण हाक मारली की येणारा तो ‘आक्रंद’. मंडलाच्या हिशेबाने लगतचा शेजारी सहसा शत्रूच, म्हणून पाठीला लागून असलेल्या पोलंडने पार्ष्णिग्राह व्हायला हवे होते. घडले उलटे : पोलंडमधील झेशुफजवळचा विमानतळ हाच युक्रेनकडे जाणाऱ्या शस्त्रांचा मोठा दरवाजा ठरला. ‘आक्रंद’ म्हणजे हाक ऐकणारा. फारसीतला ‘फर्याद-रस’ही तोच, फिर्याद ऐकून पोहोचणारा. आज मराठीत ‘आक्रंद’ म्हणजे नुसता टाहो, आणि ‘फिर्याद’ म्हणजे कचेरीतली तक्रार. दोन्हीकडे हाक शिल्लक राहिली, धावून येणारा मात्र अर्थातून गळाला.

तो ‘पोहोचणारा’ दुसऱ्या एका शब्दात जिवंत आहे, आणि या शोधात मला सर्वांत प्रिय झालेला शब्द तोच : रसद. ऐकायला तो आपल्या ‘रस’ शब्दाचा वाटतो, कारण धान्य-चाऱ्याशी त्याची सांगड आहे. पण हे नाते फसवे. मूळ फारसी ‘रसीदन’, म्हणजे पोहोचणे. प्राचीन फारसीत हा धातू आढळतो आणि संस्कृत ‘ऋच्छति’ म्हणजे जातो, गाठतो, हे त्याचे भावंड मानले जाते. पैसे पोहोचल्याची हिंदीतली ‘रसीद’ याच घरातली. मराठीने तिथे ‘पावती’ हा शब्द घडवला, तोही ‘पावणे’ म्हणजे पोहोचणे यावरून. देव पावतो, पाहुणा पावतो, रक्कम पावते, सगळीकडे पोहोचणेच. संस्कृत युद्धशास्त्रात मित्राकडून येणाऱ्या सैन्याला ‘आसार’ म्हणतात, त्यातही ‘सृ’ म्हणजे सरकत, धावत येणे आहे. तीन भाषांनी एकच गोष्ट पकडलेली दिसते : मदत ती, जी पोहोचते.

कुमक हा तुर्की शब्द. आजच्या फारसीत ‘कोमक’ म्हणजे कोणतीही मदत. मराठीत तो फौजेपुरता आकसला, कारण तो आपल्याकडे लष्करी कागदांतूनच आला असावा. ‘मदत’ त्याहून मनोरंजक. अरबी धातू म-द-द, म्हणजे ताणणे, लांबवणे, पुढे करणे. हात पुढे करणे ती ‘मदद’, काळ लांबवणे ती ‘मुद्दत’, म्हणजे आपली ‘मुदत’. मदत आणि मुदत या सख्ख्या बहिणी. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनला बारा महिन्यांत दहा लाख तोफगोळे देण्याचे ठरवले. मुदत संपली तेव्हा निम्म्याच्या आसपासच पोहोचले होते. अमेरिकेतला सुमारे ६१ अब्ज डॉलरचा प्रस्ताव महिनोन्‌महिने अडकला आणि एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झाला. त्या मधल्या काळात खंदकातल्या सैनिकाला गोळे मोजून उडवावे लागले. एक बहीण लांबली की दुसरी आखडते.

पानिपतामुळे ‘रसद तुटणे’ हा वाक्प्रचार मराठी मनात खोल गेला आहे. रसद आणि पैसा यांची जबाबदारी असलेले गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, आणि भाऊसाहेबांच्या छावणीची उपासमार वाढली. पण पेशवाईत या शब्दाला आणखी एक अर्थ होता, तो आज विस्मरणात गेला आहे. कमाविसदार परगण्यावर नेमला गेला, की पुढे वसूल होणाऱ्या महसुलाच्या भरवशावर सरकारात जी आगाऊ रक्कम भरी, तिलाही ‘रसद’च म्हणत. येणाऱ्या उत्पन्नावर आज पैसा उभा करणे : जून २०२४ मध्ये इटलीतल्या बैठकीत जी-७ देशांनी हेच केले. गोठवलेल्या रशियन मालमत्तेवर पुढे मिळणाऱ्या नफ्यातून फेडायचे, असे ठरवून युक्रेनसाठी सुमारे ५० अब्ज डॉलरचे कर्ज उभारण्याचे मान्य केले. पुण्याच्या फडावरच्या कारकुनाने या व्यवहाराला निःसंकोच ‘रसद’ म्हटले असते.

आणि वाटा? जुन्या लेखनात तो ‘वांटा’ होता. संस्कृत ‘वण्ट्’ धातूतला अनुनासिक हिंदीच्या ‘बाँटना’त अजून ऐकू येतो, मराठीने लिहिताना तो सोडला. पण वाटा मोजायचा कशाने? कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त एकत्र केलेल्या मोहिमेतील लाभाची वाटणी ठरवताना निकष दिले आहेत : दंड म्हणजे सैन्य, प्रयास म्हणजे कष्ट, आणि प्रक्षेप म्हणजे घातलेले भांडवल. त्यांत प्रयासाच्या प्रमाणातला वाटा उत्तम ठरवला आहे. भाराच्या वाटणीलाही हे माप लावून पाहावे. एकूण रकमेने मोजले तर सुरुवातीच्या वर्षांत अमेरिका पुढे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात मोजले तर जर्मनीतील कील संस्थेच्या नोंदींत एस्टोनिया, डेन्मार्क, लिथुआनिया अशी लहान राष्ट्रे वर येतात. २०२४ मध्ये डेन्मार्कने आपला सगळा तोफखाना देण्याची घोषणा केली. जुलै २०२५ पासून अमेरिकी शस्त्रे आणि युरोपीय पैसा अशीही एक व्यवस्था सुरू झाली : घोडा एकाचा, किंमत दुसऱ्याची.

स्वार मात्र युक्रेनचाच. प्रयास हे माप धरले, तर सर्वांत मोठा वाटा आक्रमण सोसणाऱ्यानेच आधी भरलेला आहे, आणि तो कुणाशीही वाटून घेता येत नाही. बाकीच्यांनी जो वाटून घ्यायचा, तो उरलेला भारच.

उत्तर हिंदुस्थानातील कचेऱ्यांच्या उर्दूत यासाठी एक नेटका शब्द आहे : ‘हिस्सा-रसद’, म्हणजे ज्याच्या त्याच्या हिश्शाच्या प्रमाणात. ‘रसद’ला फारसीतच ‘वाटा’ असाही अर्थ होता. ज्याच्याकडे जितके ‘पोहोचायचे’ तो त्याचा भाग, अशी अर्थाची वाट असावी. प्रमाण आणि पोहोचणे हे दोन्ही निकष या एका शब्दात मावतात. कील संस्थाही जाहीर केलेली मदत आणि प्रत्यक्ष नेमून दिलेली मदत वेगळी मांडते, ती याच कारणासाठी. म्हणून दोस्त देशांच्या बैठकीनंतर आकडे छापून येतील तेव्हा दोनच प्रश्न विचारावेत : ऐपतीच्या मानाने किती, आणि पोहोचले किती. पहिल्याचे उत्तर ‘हिस्सा’, दुसऱ्याचे ‘रसद’. आणि दुसऱ्यावाचून पहिल्याला काही अर्थ नाही.