पाण्याचा वांटा

दुष्काळाचा इतिहास लिहितांना आपल्याकडे पाऊसमान, धान्याचे भाव आणि सरकारी मदत या तीन गोष्टींची नोंद बहुधा केली जाते. गांव सोडून कोण गेला, त्याची जमीन पुढें कोणाच्या नांवावर चढली आणि गेलेलें बिऱ्हाड परत कां आलें नाहीं, ही चौकशी क्वचितच होते. ऋतुमान बिघडत चाललें असून महिनाभर पडावयाचा पाऊस चार दिवसांत कोसळूं लागला आहे, अशा आजच्या काळीं तर ही चौकशी अधिकच अगत्याची आहे. म्हणून पुणें जिल्ह्यांतील पुरंदर तालुक्यांत झालेल्या एका प्रयोगाची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

पुरंदर किल्ल्यामुळें सर्वांस ठाऊक. पण किल्ल्याच्या पूर्वेकडील मुलूख पर्जन्यछायेंतला. वर्षाचा पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोहि लहरी. १९७० नंतर लागोपाठ पावसानें दगा दिला आणि १९७२ चा दुष्काळ महाराष्ट्रावर कोसळला. १९७३ च्या मे महिन्यांत राज्यांतील दुष्काळी कामांवर सुमारें ५० लाख माणसें राबत होतीं. मागेल त्याला काम देणारी वि. स. पागे यांची रोजगार हमी योजना याच काळांत राज्यभर आली, आणि तिचा कायदा १९७९ च्या जानेवारींत अंमलांत आला. तिचे उपकार मोठेच. तिनें माणसें जगविलीं. परंतु जो दिवसभर रस्त्याची खडी फोडून घरीं जाई, त्याच्या शेतांत त्या खडीनें पाण्याचा थेंब वाढत नव्हता, आणि पुढचा दुष्काळ आला कीं त्याला पुन्हां हातोडीच धरावी लागणार, हें उघड होतें.

हीच गोष्ट विलासराव साळुंखे यांच्या मनास लागली. हे पुण्याचे अभियंते व कारखानदार. नायगांव येथील देवस्थानची सुमारें ४० एकर माळजमीन त्यांनीं लांब मुदतीच्या पट्ट्यानें घेतली आणि १९७४ सालीं ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापन केलें. उतारास आडवे समतल बांध घातले, तळाशीं पाझर तलाव केला, तलावाच्या खालच्या अंगास विहीर खणली आणि तिचें पाणी पुन्हां वर चढवून शेतास दिलें. यांत अपूर्व असें थोडेंच होतें. बांध आणि ताली आपल्या शेतकऱ्यास परक्या नाहींत.

अपूर्व होती ती वांटणी. पाणी सांपडलें, पण तें कोणाचें? पाणी पंचायतीनें ठरविलें कीं, योजना एकट्याची नव्हे, गटाचीच असावी, आणि वांटा शेताच्या क्षेत्रावर न ठरवितां घरांतल्या माणसांवर ठरवावा. डोईमागें अर्धा एकर भिजेल इतकें पाणी. एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. मोठा जमीनदार आणि चार एकरांचा कुणबी एकाच मापांत! ज्याच्या नांवावर जमीन नाहीं त्यासहि वांटा. खर्चाचा शेंकडा २० भाग सभासदांनीं आधीं भरावयाचा. उरलेल्यांत ५० सरकारी अनुदान आणि ३० प्रतिष्ठानचें बिनव्याजी कर्ज. ऊस लावावयाचा नाहीं. आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकत घेणाऱ्याकडे जाणार नाहीं.

हा शेवटचा नियम आम्हांस सर्वांत दूरदृष्टीचा वाटतो. दुष्काळ माणसास गांवांतून हुसकतो हें सर्वांस दिसतें. सुधारणाहि हुसकते, हें लौकर दिसत नाहीं. माळरानावर पाणी आलें कीं जमिनीचा भाव चढतो, शहरांतला पैसेवाला येऊन उभा राहतो, आणि ज्याच्या घामानें बांध उभे राहिले तो कर्जापायीं जमीन विकून झोपडपट्टींत जातो. पाणीच विकतां येत नसेल तर ओलिताच्या जमिनीची हांव बरीच ओसरते.

वांटपाचें काम गांवांतल्याच पाटकऱ्याकडे असे. पंप चालविणें, पाळ्या लावणें, कोणाचें शेत किती भिजलें तें पाहणें, हें सर्व त्यानें शिकून घ्यावयाचें. म्हणजे गांवाबाहेर न जातां एका माणसाच्या हातास कसबाचें काम मिळे. पाटकरी हा शब्द मात्र फार जुना. खानदेश व नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर जी फडपद्धति शतकानुशतकें चालली, तींतहि पाटकरी होताच. तेथें बंधाऱ्याखालील जमिनीचे मोठे भाग पाडून एकेका फडांत एकच पीक घेत, आणि पाणी थोडें असलें तर कांहीं फड कोरडे ठेवून तूट सर्वांनीं सोशीत. पण ती समता जमीनवाल्यांतली. भूमिहीनास तींत जागा नव्हती.

पाणी पंचायतीच्या सर्व योजना टिकल्या असें मात्र नाहीं. विजेचा खर्च आणि आटणारे झरे यांपुढें केवळ नियम किती पुरणार? साळुंखे २००२ सालीं वारले. परंतु कल्पना तालुक्यापुरती राहिली नाहीं. १९८२ च्या जानेवारींत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि हजारों कामगार आपापल्या गांवीं परतले. सांगली जिल्ह्यांतील खानापूर तालुक्यांत अशा परतलेल्यांतूनच मुक्ति संघर्ष चळवळीस बळ मिळालें. येरळा नदींतली वाळू ठेकेदार लुटून नेत होते. लोकांनीं ती लूट अडविली, थोडी वाळू स्वतः विकून भांडवल उभें केलें आणि बळीराजा धरण बांधलें. त्याचें पाणीहि घराघरांत समान, भूमिहीन धरून. शहरानें परत पाठविलेल्या माणसांस गांवांत राहतां यावें म्हणून धरण, हें आमच्या माहितींत फार विरळा.

पुरंदरकडे पुन्हां वळतां एक निराळेंच संकट दिसतें. २०१६ सालीं याच तालुक्यांत विमानतळ उभारण्याचें ठरलें आणि त्यासाठीं ज्या गांवांच्या जमिनी घ्यावयाच्या, तेथील शेतकरी विरोधास उभे राहिले. खाजगी खरेदीदारास पाण्याच्या नियमानें दूर ठेवतां येतें, सरकारास नाहीं. भूसंपादनाचा मोबदला सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावर मोजतात. विहिरी व झाडें धरतात. २०१३ च्या कायद्यानें भूमिहीन मजुराच्या उपजीविकेचीहि दखल घेतली आहे. पण पंचायतीनें डोईप्रमाणें दिलेला, विकतां न येणारा पाण्याचा वांटा कोणाच्या भूमींतून गेला, तर त्याची किंमत कोणत्या हिशेबानें करावयाची? ज्याला बाजारभावच नाहीं, त्याचा मोबदला ठरविणारा अधिकारी अजून आमच्या पाहण्यांत नाहीं.